पैसे आपले, किल्ली परक्याची

गुजरातमधील वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. वर्षाला दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता असून कंपनीचे सहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप देशभर पसरलेले आहेत. रशियाच्या रॉसनेफ्टचा कंपनीत ४९ टक्के वाटा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी जाहीर केलेल्या निर्बंधांच्या यादीत तिचे नाव आले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ई-मेल आणि अन्य संगणकीय सेवा खंडित केल्या. सेवेचे पूर्ण पैसे भरलेले असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता आपल्याच माहितीपासून आपल्याला तोडण्यात आले, अशी तक्रार घेऊन नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण न्यायालयात पोहोचताच सेवा पूर्ववत झाल्या आणि चार दिवसांत वृत्तपत्रांनी विषय बाजूला ठेवला.

विषय मात्र बाजूला ठेवण्यासारखा नव्हता. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, कारखाना भारताच्या भूमीवर आणि ग्राहक भारतीय कायद्याखाली नोंदलेला. भारताच्या संसदेने किंवा न्यायालयाने नायराविरुद्ध कोणताही आदेश दिलेला नव्हता. तरीही हजारो मैलांवरून कळ दाबली गेली आणि येथील कर्मचाऱ्यांचे पत्रव्यवहार ठप्प झाले. रशियाशी संबंध ठेवावेत की नाहीत, हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे आणि तो दिल्लीने सोडवायचा आहे. येथे प्रश्न त्याहून साधा आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची असते की देणाऱ्याची?

वाडीनार हे फार मोठे उदाहरण झाले. पण तोच व्यवहार आज मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात रोज चालू आहे. दूरचित्रवाणीच्या छत्रीबरोबर घेतलेला सेट-टॉप बॉक्स कंपनी बदलली की अडगळीत जातो, कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीचे प्रक्षेपण दाखवत नाही. सर्व बॉक्स परस्परांना चालतील असे असावेत, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये केली होती. घरोघरच्या अडगळीत मात्र फरक पडलेला नाही. छपाईयंत्राच्या शाईच्या कुपीत चिप बसवलेली असते आणि बाहेरची स्वस्त शाई भरली की यंत्र ती नाकारते. मोबाईलचा पडदा फुटला तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला सुटा भाग बसवून देतो, पण फोन त्या भागाला ओळखत नाही आणि पडद्यावर इशारा झळकत राहतो. यंत्र ग्राहकाच्या टेबलावर असते, आज्ञा मात्र दुसऱ्याची मानते.

पुस्तके आणि गाण्यांच्या बाबतीत तर हे अधिकच ठळकपणे दिसते. गीतरामायणाच्या ध्वनिफितींचा संच ज्या घरात होता, त्या घरात तो वडिलांकडून मुलाकडे गेला, शेजाऱ्याने रामनवमीला मागून नेला, शाखेच्या कार्यक्रमात वाजला. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, आणि त्यामुळे कोणत्या कलावंताचे नुकसानही झाले नाही. आज तेच गीत मासिक वर्गणी भरून ऐकले जाते. वर्गणी थांबली की गीत थांबले. कंपनीचा आणि ध्वनिमुद्रण संस्थेचा करार फिसकटला तर वर्गणी चालू असूनही गीत नाहीसे होते. वर्गणीचा व्यवहार निदान प्रामाणिक तरी आहे, कारण तो भाडे आहे हे भरणाऱ्याला ठाऊक असते. खरी गफलत होते ती ‘खरेदी करा’ असे लिहिलेल्या बटनामागे.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरील काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. ज्याने ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते, हे कारण खोटे नव्हते आणि ग्राहकांना पैसेही परत मिळाले. पण जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरीच त्यात होती, हा योगायोग साऱ्या जगाने नोंदवला. सरकार जुने कागद नष्ट करून इतिहास बदलते, हाच त्या कादंबरीचा विषय. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली सर्व पुस्तके उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले. परंतु कोणता पुस्तकविक्रेता दुकानाला टाळे लावताना गिऱ्हाइकांच्या कपाटातील पुस्तके मोटारीत भरून नेतो? अप्पा बळवंत चौकातील एखादे दुकान बंद पडले म्हणून सदाशिव पेठेतील घरांतली ज्ञानेश्वरी नाहीशी झाली, असे कधी घडले आहे काय?

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. ग्राहकाने पुस्तक किंवा सॉफ्टवेअर विकत घेतलेलेच नाही, त्याने फक्त वापरण्याचा परवाना घेतला आहे आणि तसे अटींच्या करारात स्पष्ट लिहिले आहे. हा करार किती पानांचा असतो आणि तो कोण वाचतो, हे वेगळे सांगायला नको. परंतु याच उत्तराची दुसरी बाजू भारतातील करखटल्यांत उघडी पडली आहे आणि सामान्य ग्राहकाने ती आवर्जून समजून घ्यावी अशी आहे.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागू शकतो, असा निर्णय दिला. पुढे आयकर खात्याने परकीय कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठी भारतातून जाणारा पैसा ही कॉपीराइटच्या वापराची रॉयल्टी आहे, म्हणून त्यावर येथे कर कापला पाहिजे, अशी भूमिका घेतली. त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा व्यवहारात कॉपीराइट हस्तांतरित होत नाही, कॉपीराइट असलेल्या वस्तूची प्रत विकली जाते. म्हणून ती रॉयल्टी नव्हे. निकाल कायद्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध होता आणि त्याचा मोठा लाभ परकीय सॉफ्टवेअर कंपन्यांना झाला.

म्हणजे भारताच्या तिजोरीसमोर उभे राहिल्यावर ‘आम्ही प्रत विकली’ आणि भारतीय ग्राहकासमोर उभे राहिल्यावर ‘आम्ही काहीच विकले नाही, केवळ परवाना दिला’! कर चुकवायचा तेव्हा विक्री, हक्क द्यायचा तेव्हा परवाना. गावच्या बाजारात एखाद्या व्यापाऱ्याने अशी दोन मापे ठेवली असती तर पंचांनी त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात बसू दिले नसते. संगणकाच्या बाजारात मात्र ही दुहेरी भाषा प्रतिष्ठित झाली आहे आणि सुशिक्षित माणूससुद्धा ‘मान्य आहे’ या चौकोनावर खूण करून पुढे जातो.

भारतीय कायदा याबाबत वाटतो तितका दुबळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रत काढण्याचा आणि प्रसारित करण्याचा अधिकार हक्कधारकाला दिला, पण साहित्यकृतीची जी प्रत एकदा वितरणात आली तिच्या पुढच्या प्रवासावर त्याला हक्क दिला नाही. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके विकली जातात ती याच तत्त्वावर. ठाण्याचे १८९३ मधील किंवा मुंबईचे १८९८ मधील मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले ते याच आधारावर. २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. पण त्याच कलमात, कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कारणासाठी ते उघडले तर गुन्हा होत नाही, ही वाटही संसदेने मोकळी ठेवली. अमेरिकेचा कायदा या बाबतीत अधिक कठोर आहे. त्याच दुरुस्तीने दृष्टिहीनांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्याची मुभा दिली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा कंपन्यांना कराराने लिहून घेता येणार नाही, असेही ठरवले. दृष्टिहीनांच्या वाचनहक्काविषयीचा माराकेश करार २०१४ मध्ये जगात सर्वप्रथम अनुसमर्थित केला तो भारताने. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी लावलेला दावा उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला तो याच परंपरेतून. ज्ञानावरील हक्क निसर्गदत्त नाही, तो समाजाने समाजाच्या हितासाठी दिलेला आहे, ही दृष्टी या निर्णयामागे होती. ज्या समाजाने विद्येला दान मानले, त्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हक्कांची भाषा बोलताना चोरीला आडोसा मिळता कामा नये. ज्या घरात स्वदेशीची पत्रके येतात त्याच घरातील संगणकावर चोरीची प्रत असते आणि तिचा कोणाला संकोचही वाटत नाही. नव्या मराठी चित्रपटाची प्रत प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मोबाईलवरून मोबाईलवर फिरते आणि मग ‘मराठी चित्रपट चालत नाहीत’ अशी हळहळ व्यक्त करणारेही तेच असतात. परकीय कंपनीची प्रत चोरली म्हणजे देशसेवा घडते, हा समज तर निव्वळ भोंगळ आहे. चोरलेल्या प्रतीमुळे त्या कंपनीच्या सवयीच अधिक घट्ट होतात आणि देशी किंवा मुक्त पर्यायाकडे कोणी वळत नाही. चोरीला उत्तर देण्याचा एक मार्ग २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने दाखवला होता. चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना देऊन तिने पदपथावरील चोरट्या तबकड्यांशी थेट स्पर्धा केली. कंपनी पुढे टिकली नाही, ती निराळी कथा. पण रास्त भावात खरी वस्तू मिळाली तर माणूस खुशीने खरी वस्तू घेतो, हे तेव्हा दिसले.

तेवढीच कठोरता स्वदेशी कंपन्यांच्या बाबतीतही हवी. कुलूप परकीय असले की वाईट आणि देशी असले की चांगले, असे होत नाही, हे मराठीने स्वतः भोगले आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची बरीच वर्षे मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टमध्ये होई, त्यांची रचना प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने केलेली होती. ‘क’ हे अक्षर संगणकाच्या पोटात एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असे आणि ती जागा प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी. त्यामुळे एका मुद्रणालयात जुळवलेला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसे. त्यातून काही प्रणालींना संगणकाच्या मागे खोचायचे एक कुलूप असे. ते बिघडले की पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअर चालेनासे होई. किती दिवाळी अंकांचा, किती संस्थांच्या स्मरणिकांचा आणि अहवालांचा मजकूर अशा तबकड्यांत पडून राहिला, त्याची गणती कोण करणार? लेखन मराठी माणसाचे, पैसा मराठी माणसाचा, कंपनीही पुष्कळदा मराठी माणसाचीच. आणि तरी मजकूर बंदिवान.

त्यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक अक्षराला साऱ्या जगात एकच ठरीव क्रमांक देणाऱ्या खुल्या प्रमाणकामुळे. ते अमेरिकेत आकाराला आले खरे. परंतु त्यातील देवनागरीची मांडणी भारतात तयार झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणकावर आधारलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पाणिनीच्या देशाने वर्णमालेची शिस्त दिली आणि कुलूप उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

जेथे जेथे ग्राहकाने किंवा शासनाने ‘किल्ली आमच्याकडे हवी’ असा आग्रह धरला, तेथे ती मिळाली आहे. मोबाईलचा क्रमांक कंपनीच्या मालकीचा असे. कंपनी बदलायची तर क्रमांक सोडावा लागे. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक ग्राहकासोबत जाऊ लागला आणि ज्या कंपन्या ‘हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे’ म्हणत होत्या त्यांनीच ते मुकाट्याने अमलात आणले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये कोणत्याही बँकेचा खातेदार कोणत्याही बँकेच्या खातेदाराला पैसे पाठवू शकतो. ही सोय कंपन्यांच्या उदारपणातून आली नाही, ती नियमातून आली. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिराला मिळू देत नव्हत्या. पुढे अपिले झाली, पण तत्त्व नोंदले गेले. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे तिचे विषय होते. ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत बंद पडला आणि कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार असेल, तर त्या आठ दिवसांची किंमत शेतकऱ्यालाच ठाऊक. केरळमधील सरकारी शाळांनी दोन दशकांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. तेथील राज्यकर्त्यांशी विचारांचे अंतर कितीही असो, या एका बाबतीत महाराष्ट्राने त्यांच्याकडून शिकायला कमीपणा नाही.

ग्राहक चळवळीपुढे म्हणूनच आता नवे काम आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा भेसळ, खोटी वजने, साठेबाजी हे शत्रू डोळ्यांना दिसत होते. गृहिणी एकत्र येऊन महिन्याचे वाण घेत होत्या, कार्यकर्ते दुकानदाराला जाब विचारत होते. आजचे खोटे माप दिसत नाही, ते अटींच्या पानांत लपलेले असते. पण कायदा हाताशी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच आणली आणि रास्त कारणावाचून एका पक्षाला एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारे कलम त्यात मोडते, असे नमूद केले. एवढेच नव्हे, त्याच कायद्यातील ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांची ‘खरेदी-विक्री’ असे शब्द आहेत. संसद जिला विक्री म्हणते तिला कंपनीने परवाना म्हणावे, हे कोठवर चालू द्यायचे? अडचण एकच आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. तीनशे रुपयांच्या पुस्तकासाठी एकटा माणूस तेथवर जाणार नाही. संघटना जाऊ शकते, आणि एका प्रकरणाचा निकाल हजारोंच्या उपयोगी पडतो.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे, की डिजिटल वस्तू कायमची हाती येणार नसेल तर केवळ ‘खरेदी करा’ असे लिहून ती विकता येत नाही, आपण परवाना देत आहोत हे ग्राहकाला ठळकपणे सांगावे लागते. एवढी मागणी तर भारतात आजच करता येईल, तीही मराठीतून. पाटी दुकानावर मराठी हवी हा आग्रह योग्यच. करार मराठीत हवा हा आग्रह त्याहून उपयोगाचा ठरेल.

या साऱ्याची किंमत पैशांत मोजून भागत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ १९०९ मध्ये युरोपात छापला गेला, त्यापूर्वीच ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली होती. तरीही दुसऱ्याच पुस्तकांची वेष्टणे घालून त्याच्या प्रती भारतात आल्या, हातोहात फिरल्या, क्रांतिकारकांनी गुप्तपणे पुन्हा छापल्या. बंदी उठेपर्यंत १९४६ साल उजाडले. त्या सदतीस वर्षांत ग्रंथ जिवंत राहिला, कारण प्रत ज्याच्या हाती पडली त्याची ती झाली होती. लंडनमध्ये बसून ती कोणाला पुसता येत नव्हती. तोच ग्रंथ तेव्हा एखाद्या वाचनयंत्रावर विकला गेला असता, तर सरकारला धाडी घालण्याचेही कष्ट पडले नसते.

सावरकरांचे निधन १९६६ चे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर त्यांचे साहित्य कोणीही छापावे, वाटावे, संगणकावर ठेवावे. कायद्याची आडकाठी नाही. पण एखाद्या परकीय दुकानातून कुलूपबंद ई-पुस्तकाच्या रूपात ते घेतले, तर मजकूर मुक्त आणि प्रत मात्र बंद, अशी स्थिती राहील. शाखेच्या ग्रंथालयासाठी अथवा मुलांसाठी अशी प्रत घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: ही फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडते का, आणि दुकान बंद झाले तरी उघडेल का?